नेक पिकअप, अजून थोडा साफ

माझ्या गिटारचा आवाज गढूळ आहे हे मला कळलं, तेव्हा ती गिटार माझ्याकडे येऊन अकरा वर्षं झाली होती आणि मी चाळिशी ओलांडली होती. अकरा वर्षं जी वस्तू साफ वाजते ती एकाएकी गढूळ कशी होईल, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला पिकअप बदलायचं सुचलं.

ज्यांनी या नादापायी पगार उडवलेले नाहीत, त्या सुखी लोकांसाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटावर, तारांच्या खाली, बोटभर लांबीच्या दोन-तीन पट्ट्या बसवलेल्या असतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की तिचा आवाज ही पट्टी उचलून घेते, म्हणून ती पिकअप. खालच्या टोकाची पट्टी भांडकुदळ, कर्कश. वरची, मानेजवळची, म्हणजे नेक पिकअप, मऊ आणि गोल आवाजाची. गाणाऱ्याच्या मागे राहून वाजवायचं असेल तर नेकच लागतो. मी आमच्या बाजूच्या लग्नांत, मांडवात, गाणाऱ्याच्या मागेच वाजवत आलो आहे, त्यामुळे पुढे येऊन चमकायची आशा मी कधीच सोडली होती.

आणि गाणारी म्हणजे माझी आई. खारबावच्या पुढे आमचं गाव, आणि आई त्या गावची धवलारीण. मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत लग्नात जेवढे विधी असतात, त्या प्रत्येकाची गाणी जिला तोंडपाठ असतात ती धवलारीण. भटजी नंतर येतो. आईने सुरुवात केल्याशिवाय आमच्याकडे कुणाच्या कपाळाला हळद लागत नसे. बाकी वाजंत्री संध्याकाळी असते, डीजेही संध्याकाळीच येतो, कारण त्याला ऐकायचं नसतं, फक्त सोसायचं असतं. सकाळच्या गाण्याला मात्र मी एकटा, एक छोटा अ‍ॅम्प घेऊन, आईच्या पाठीशी बसायचो. गिटारवर धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, वाजवणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन, आणि त्याचा मला विनाकारण गर्व होता.

गिटार गढूळ झाली त्याच सुमारास आईचा आवाजही गढूळ झाला. म्हणजे मला तसं वाटलं. सूर कळायचा, शब्द कळायचे नाहीत, जसं काही ती तोंडावर पदर धरून गातेय. आता असं वाटलं तर साधा माणूस गप्प बसतो. पण मी कलावंत. चुलत्याच्या घरच्या एका हळदीनंतर मी तिला सरळ सांगितलं, "आये, तुझा आवाज बसलाय. शब्द लागत नाहीत. आता दमाने घे."

नंतरच्या हळदीचं बोलावणं आलं तेव्हा तिने गुडघे दुखतात असं सांगितलं. त्यानंतरच्याला पित्त. दोन वर्षांत तिने एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मी मात्र मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की वेळेवर सांगितलं म्हणून म्हातारीची शोभा झाली नाही.

मग पुतणीचं लग्न ठरलं. ही पोरगी आजीच्या मांडीवर वाढलेली. तिने जाहीर केलं की आजी गाणार नसेल तर हळदच नको, सरळ रजिस्टर करू. घरात रडारड झाली. आई म्हणाली, "माजा गला गेलाय गो, लोकांसमोर हसं कशाला?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण निदान मी केलं होतं. तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं की आई गाईल, मी तिला सांभाळून घेईन. माझा बेत असा होता की गिटार इतकी स्वच्छ, इतकी लखलखीत वाजवायची, की प्रत्येक सूर लोकांना गिटारमधूनच कळेल आणि आईचा गढूळ आवाज तिच्यामागे झाकला जाईल. त्यासाठी फक्त एक गोष्ट कमी होती. साफ आवाजाचा नेक पिकअप.

मी शोधाला लागलो. दिवसा गोदामात सुपरवायझरची ड्युटी, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जगभरच्या गिटारवाल्यांचं वाचन. या लोकांची भाषा हलवायाच्या दुकानातली आहे. कुणाचा आवाज लोण्यासारखा, कुणाचा मधासारखा, कुणाचा पातळ, कुणाचा दाट. एकाने लिहिलं होतं की त्याच्या नेक पिकअपमधून सकाळचं ऊन पडतं. मला ऊन नको होतं, भिवंडीत ते पुरेसं आहे. मला फक्त शब्द ऐकू यावेत तसे सूर ऐकू यायला हवे होते.

पहिला पिकअप मुंबईच्या दुकानातून आणला. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की याच्याहून साफ काही नाही. घरी आणून बसवला. गढूळ. दुसरा ऑनलाइन मागवला, त्याच्या खोक्यावरच काचेचं चित्र होतं. गढूळ. तिसरा वाजवला तेव्हा आमच्यातला कीबोर्डवाला, जो संध्याकाळच्या वाजंत्रीच्या पार्टीत माझ्या शेजारी असतो, दात आवळून म्हणाला, "भाई, किती टोचतोय हा! दाताला लागतोय." मला त्याची कीव आली. बारा बारा तास डीजेच्या भिंतीजवळ उभा राहणारा माणूस, त्याचे कान काय शिल्लक असणार, असं मी मनात म्हटलं. घरी मी वाजवायला बसलो की बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ती कल्याणची, तिच्या माहेरी संगीताचं वातावरण नव्हतं, असा त्याचा अर्थ मी काढला.

चौथ्यांदा काय करावं या विचारात मी ओट्यावर पिकअप उघडून बसलो होतो. आई शेजारी सुकट निवडत होती. तिने त्या तांब्याच्या गुंडाळीकडे एकदा पाहिलं.

"तार जास्ती झाली आसंल," ती म्हणाली. "कांडी लय भरली का धोट्यात आडकतं."

बाबांचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, घराला लागून शेडमध्ये. आई मागच्या पडवीत बसून त्यांच्या कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी नळीवर सूत गुंडाळायची. आयुष्यात लाखो कांड्या भरलेल्या बाईला वेढ्यांबद्दल काही सांगायची गरज नव्हती. मी लगेच वाचून पाहिलं. अगदी खरं होतं. वेढे कमी केले की पिकअपचा आवाज पातळ होतो, पण साफ होतो. जगभरचे तज्ज्ञ जे पानंच्या पानं लिहून सांगत होते ते माझ्या आईने सुकट निवडताना सांगितलं. मी तिला तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

वेढे काढायचे तर वेढे घालणाऱ्याकडे जायला हवं. भिवंडीत गिटार दुरुस्त करणारा शोधावा लागतो, पण मोटार रिवाइंडिंगवाला कुठेही मिळतो, कारण प्रत्येक लूमला मोटार असते आणि प्रत्येक मोटार कधीतरी जळते. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत. जळालेली मोटार आणा, ते तिच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी भरून देतात. छोट्या कॉइल्सची बारीक तारही त्यांच्याकडे असते. शुक्रवारी लूम बंद, म्हणून गल्ली शांत, तेव्हा त्या दिवशी जायचं ठरवलं. लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या म्हणून बायकोही बरोबर आली.

चाचांनी पिकअप हातात घेऊन उलटसुलट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ये किस चीज़ का मोटर है?"

"गिटारचा," मी म्हटलं. "घूमता नहीं, गाता है."

"गाता है तो फिर तकलीफ़ क्या है?"

"साफ नहीं गाता, चाचा. थोडी तार कम करो."

त्यांनी कुरकुर न करता पिकअप यंत्रावर चढवला. वेढे मोजायला त्यावर एक डिजिटल काउंटर होता, आणि काउंटरला लाल दिव्याचा एक छोटा बल्ब वायरने वेगळा जोडला होता. चाचांनी काही आकडा लावला आणि उलट्या दिशेने तार सोडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने लाल दिवा लागला. ते थांबले. मी बरोबर आणलेल्या गिटारला आणि अ‍ॅम्पला वायर लावून वाजवून पाहिलं.

"अजून थोडा साफ."

पुन्हा तार सुटली, पुन्हा लाल दिवा, पुन्हा मी वाजवलं. "अजून थोडा साफ." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळेला मी एक तार छेडली तेव्हा बायकोने दोन्ही कानांत बोटं घातली. चाचांनी मान हलवली. "और निकालूँगा तो इसमें चुंबक बचेगा, आवाज़ नहीं."

मी वैतागलो. चिडलेला माणूस काहीतरी विषय काढतो, तसं मी त्या लाल दिव्याकडे बोट दाखवून विचारलं की हा कशाला.

"अरे, काउंटर में सीटी है. गिनती पूरी हुई तो बजती है," चाचा म्हणाले. "मेरे को सुनाई नहीं आती. पच्चीस साल लूम पर था मैं, उसके बाद ये काम. तो बत्ती लगा ली." मग सहज, चहा घेणार का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आपको आती है?"

"सीटी? कुठे वाजली?"

"अहो," बायको म्हणाली, "केव्हाची वाजतेय! बंद करा ना ती, कान फाटले माझे."

लाल दिवा लागलेला होता. मी काउंटरजवळ कान नेला. चाचांनीही नेला, सवयीने. दोन मोठी माणसं एका डब्याला कान लावून उभी, आणि माझी बायको मागे कानांवर हात दाबून ओरडतेय की वाजतेय, वाजतेय. मला काहीही ऐकू येत नव्हतं. समोरच्या गल्लीतली रिक्षा ऐकू येत होती, तिचा हॉर्न ऐकू येत होता, शेअर रिक्षावाल्याची हाक ऐकू येत होती. सीटी नाही.

"आप भी लूमवाले," चाचा म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं, सोबत मिळाली म्हणून. त्यांनी यंत्र बंद केलं आणि माझा पिकअप माझ्या हातात दिला. "ये बेचारा ठीक था."

त्यानंतर कल्याणला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानात आवाज सोडले आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटणाला हात न लावता बसलो होतो, मला वाटलं मशीन सुरू व्हायचंय. कागदावर रेघ निघाली ती डावीकडून सरळ चालत आली आणि मध्येच जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली. "बारीक, उंच आवाज आधी जातात," त्या म्हणाल्या. "माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते नीट कळत नाही. लूमवर किती वर्षं होतात?" मी म्हटलं, सोळाव्या वर्षापासून, लूम भंगारात जाईपर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की दिवसभरात हे उत्तर त्या बऱ्याचदा लिहितात.

घरी येताना कोन गावच्या पुलाजवळ गाडी अडकली होती तेव्हा मला बाबा आठवले. बाबा विनोदाला नेहमी उशिरा हसायचे. सगळे हसून घेत, मग बाबा सगळ्यांचे चेहरे बघत आणि हसत. लहानपणी मला वाटायचं, बाबा विचार करून हसतात, भारी माणूस. आमच्या शेडमध्ये लूमच्या खडखडाटात कुणी बोलायचंच नाही, हाताने चालायचं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की सुताची तार तुटली, लूम थांबव. तळहात उलटा केला की कांडी संपली. कपाळावर हात ठेवला की सूत देणारा शेठ आला. बाबा घरातसुद्धा हाताने बोलायचे, आणि आम्ही त्यांना अबोल म्हणायचो.

मग आई आठवली, आणि मला इतकी लाज वाटली की गाडी सुटली तरी मी गिअर टाकला नाही, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. ते मला नीट ऐकू आले.

आई ओट्यावरच होती. मी समोर जाऊन बसलो.

"आये, तुझा आवाज नव्हता बसला. माझे कान गेलेत. आत्ता कळलं."

मला वाटलं, आता ती डोक्यावरून हात फिरवेल. आपण काय काय अपेक्षा करतो.

"दोन वरीस," ती म्हणाली. "दोन वरीस मी त्वांड मिटून बसले. आपल्याच आलीतल्या तीन हलदी झाल्या. दुसऱ्या गावची बाय आनली त्यांनी. तिला निम्मी गानी येत न्हाईत. मी खुर्चीत बसून आयकली."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तुला ठावं नव्हतं. तरी सांगलास ना?"

ती उठून आत गेली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली असती तरी अर्धं मला कळलं नसतं, असं म्हणून मी बायकोला हसवायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

मी पुन्हा चाचांकडे गेलो आणि म्हटलं, जेवढे वेढे काढले तेवढे परत घाला. त्यांनी जुनी तार काढून टाकून नव्याने सगळा पिकअप भरून दिला, जसा होता तसा. घरी बायकोने समोर बसून गिटारचं टोनचं बटण हळूहळू फिरवायला लावलं. एका जागी ती म्हणाली, "हां, इथे. इथे छान येतोय." मला तिथे घोंगडीखालून वाजल्यासारखं ऐकू येत होतं. तिने आतून नेलपॉलिश आणली आणि बटणावर त्या जागी लाल ठिपका दिला. "याच्या पुढे हात लावायचा नाही." लाखो लोक ज्या आवाजासाठी जगभर वणवण करतात, तो मला शेवटी एका ठिपक्यावर मिळाला, आणि तो कसा आहे हे मला कधीच कळणार नाही.

हळदीच्या सकाळी आई गाईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारायची हिंमत केली नाही. पुतणीला पाटावर बसवलं, बायका गोळा झाल्या, आणि मी नेहमीच्या जागी, आईच्या रिकाम्या खुर्चीमागे, अ‍ॅम्प लावून बसलो. दुसऱ्या गावच्या बाईला सांगावा पाठवायचा का, अशी कुजबुज सुरू होती. तेवढ्यात आई आली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. खुर्ची तिने सरकवली आणि माझ्यासमोर ठेवली, माझ्याकडे तोंड करून. आजवर ती नेहमी माझ्याकडे पाठ करून गायची.

ती गायला लागली. सूर मला कळत होता. शब्द मी तिच्या ओठांवर पाहत होतो, आणि जे दिसत नव्हते ते मला लहानपणापासून पाठ होते, त्यामुळे मला ते ऐकू आले. मी ठिपक्यावर बटण ठेवून वाजवत गेलो. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे गाणं चांगलं चाललं असावं. माझ्याही आलं. मला ते कारण नीट ठाऊक होतं.

शेवटच्या गाण्याला तिने मध्येच हात वर केला आणि दोन बोटं कात्रीसारखी हलवली. तार तुटली, लूम थांबव. मी तारांवर हात ठेवला. गिटार बंद झाली. मग तिने माझ्याकडे बघत, त्याच चालीवर, एक नवी ओळ घातली. धवलारणीला ती मुभा असते, घरच्यांची फिरकी घ्यायची. पण ओठ इतक्या भरभर हलले की मला काहीच लागलं नाही, आणि ही ओळ मला पाठ नव्हती.

अख्खा मांडव हसला. पुतणी तोंडाला हळदीचे हात लावून हसली. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. हळदीचं ताट घेऊन पलीकडे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने हसू आवरलं आणि एकेक शब्द सुटा करून, मोठं तोंड करून मला सांगितला:

"माज्या, पोरानं, गल्याला, माज्या, तांब्याची, तार, आनली, गो."

तोवर आई पुढच्या ओळीवर गेली होती, बायका तिच्यामागे म्हणत होत्या आणि हसणं कधीच संपलं होतं. तेव्हा मी हसलो.